येताना चढ आहे

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि आईने घालून दिलेला नियम अजून मोडलेला नाही : महत्त्वाचं असेल ते लिहून कळवायचं. तर कळवते. बसून वाच.

आमच्या बस-खात्याचा आराखडा मंजूर झाला. एक मार्चपासून शहरातला एक सोडून एक थांबा बंद. बस कमी वेळा थांबणार, लवकर पोचणार, मग लोक आपल्या गाड्या घरी ठेवून बसने जाणार आणि हवेतला धूर कमी होणार. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच, तुझंच आहे. अहवालाच्या पहिल्याच पानावर, तळाशी, तुझा शोधनिबंध आहे. तो तिथे मी घातला. दुसऱ्या कुणाकुणाचे निबंध होते, त्यांना मागे ढकललं आणि तुझा पुढे आणला. दर वाढदिवसाला पुस्तक पाठवते ते तू वाचत नाहीस, म्हणून यंदा हे.

साहेबांनी विचारलं, "या बाई कोण?" मी म्हटलं, "या विषयातलं मोठं नाव आहे." खोटं काही बोलले नाही, फक्त बहीण आहे हे सांगितलं नाही. लग्नात बदललेलं आडनाव एकदाचं कामाला आलं.

आता एक कर. साहेबांना लेखी हवंय की हा निबंध आपल्या शहराला लागू पडतो. फोनवर तू "चालेल गं" म्हणाली होतीस, तेच दोन ओळींत लिहून पाठव.

आमच्या खोलीत भिंतभर शहराचा नकाशा आहे, प्रत्येक थांब्याला एक लाल टाचणी. बंद होणाऱ्या थांब्यांच्या टाचण्या काढायचं काम माझ्याकडे आलं. आपल्या घरासमोरचा थांबाही त्यात होता. तोही मीच काढला, म्हटलं, घरच्यांना सूट दिली असं कुणी म्हणायला नको. आता घराला जवळचा थांबा म्हणजे खालचा, शाळेजवळचा. आपल्या घरानंतर बस पुलावर चढते आणि पुढचा थांबा पार पुलापलीकडे आहे.

आई मजेत. मंगळवार-शुक्रवार बसने मामाकडे जाते. त्याची नजर गेल्यापासून पेपर तीच वाचून दाखवते, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. वृद्धनिवासातल्या लोकांना तो म्हणतो, "जरा थांबा, माझा पेपर यायचाय." तुझं नाव छापलेलं पान मी आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, परत वाच.

तुझी
चिंगी

१३ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

पत्र विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या पेटीत आलं आणि मी ते जिन्यातच उभ्याने वाचलं. "बसून वाच" हे तू लिहिलं होतंस ते दुसऱ्यांदा वाचताना दिसलं.

आधी माझं रडगाणं ऐक. माझी नेमणूक जूनअखेर संपते. कायम करायचं की नाही ते मे महिन्यात समिती ठरवणार. इथे ज्यांच्या नोकऱ्या पक्क्या त्यांच्या दारावर पितळी पाट्या आहेत. माझ्या दारावर एक कागदाची पट्टी सरकवलेली आहे, वारा आला की फडफडते. रोज कुलूप उघडताना तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवते आणि बघते.

समिती विचारते, तुमच्या संशोधनाचा प्रभाव काय? प्रभाव म्हणजे आधी मोजदाद : तुमच्या निबंधाचा संदर्भ किती जणांनी आपल्या निबंधात दिला. माझ्या या निबंधाला तीनशेच्या वर संदर्भ आहेत, त्यामुळे विभागप्रमुख माझ्याशी बरे वागतात. मला मात्र आतून धाकधूक असते, कारण त्यातल्या निम्म्यांनी जरी निबंध उघडून पाहिला असेल तरी देव पावला म्हणायचं. एकाने एक वाक्य उचललं, दुसऱ्याने ते पहिल्याकडून उचललं, आणि आता ते एकटंच जगभर हिंडतंय : थांबे कमी केले की प्रवासी वाढतात. इतकं ठोक मी कधी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही.

समितीचा दुसरा प्रश्न अवघड असतो. तुमच्या संशोधनाने बाहेर, खऱ्या रस्त्यावर काय बदललं? इथे भल्याभल्यांची दातखीळ बसते. आणि तू मला अख्खं शहर दिलंस, तेही आपलं. विभागप्रमुखांना सांगितलं तर त्यांनी स्वतः उठून मला चहा ओतून दिला. मी इथे आल्यापासून पहिल्यांदा.

दोन ओळी सोबत जोडल्या आहेत : "सदर निष्कर्ष आपल्या शहरास लागू करण्यास हरकत नाही." घर ते शाळा हे अंतर मी मनातल्या मनात मोजून पाहिलं. किती ते. आपण उड्या मारत संपवायचो.

आईला सांग, मी वेळेवर जेवते. मामाला नमस्कार.

तुझी
ताई

२२ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या दोन ओळींनी काम फत्ते झालं. साहेब आता तुझं नाव घेताना "मॅडम" लावतात. बस वेळेवर धावताहेत, प्रवासी वाढलेत, आणि आणखी तीन शहरांनी आमचा अहवाल मागवलाय. म्हणजे त्यांच्याही पानाच्या तळाशी तू असणार. चाचणीचे दोन महिने संपले की एप्रिलअखेर महापालिकेच्या सभेत हे कायमचं होईल. तोपर्यंत मी नखं खात बसणार आहे, कारण सभेत कोण काय खुसपट काढेल सांगता येत नाही.

खुसपट म्हणजे, ज्येष्ठांच्या पासवर होणारा प्रवास एकदम घटलाय. साहेब म्हणाले, उन्हाळा असेल. मीही टिपणात तेच लिहिलं.

आईला सर्दी झालीय, त्यामुळे काही दिवस मामाकडे गेलेली नाही. फोनवर आवाज स्वच्छ वाटला, पण ती म्हणते सर्दी आत उतरलीय. माझी धावपळ चालू आहे, सभा झाली की जाऊन येईन.

समितीचं काय?

चिंगी

३० मार्च

प्रिय चिंगी,

समितीचं पान लिहून झालं. विभागप्रमुखांनी ते वाचून "उत्तम" म्हटलं. ते "उत्तम" म्हणाले की मी उलट पान पुन्हा पहिल्यापासून तपासते.

पण आज वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितेय. आईचं पत्र आलंय, तुझ्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी. ती लिहिते : "दादाकडे नेमाने जाते. तो तुझी आठवण काढतो. इकडची काळजी करू नये." सर्दीचा शब्द नाही. आता तू सांगतेस ते खरं की ती लिहिते ते? आईला साधा खोकला झाला तरी ती सविस्तर लिहिते, कफाचा रंगसुद्धा. आणि "इकडची काळजी करू नये" हे तिने मागे एकदाच लिहिलं होतं, बाबांना दवाखान्यात हलवलं तेव्हा.

मी इथे बसून नुसते तर्क करतेय. जाऊन ये. सभा नंतर.

ताई

८ एप्रिल

ताई,

रविवारी न कळवता गेले. तुला सगळं लिहिते, कारण अर्धं लिहिलं तर तू उरलेलं अर्धं याहून वाईट कल्पून घेशील.

दाराशी तिची कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. आत पेपर. घडीही न मोडलेले, तारखेप्रमाणे लावलेले, मार्चपासूनचे. मी विचारलं, हे काय? म्हणाली, दादाचे साठलेत.

सर्दी-बिर्दी काही नाही. शाळेच्या थांब्यापर्यंत ती उतरून जाते, त्याला काही त्रास नाही. "येताना चढ आहे," एवढंच म्हणाली, जणू कालपर्यंत तो तिथे नव्हता. चप्पल दुरुस्तीची टपरी बंद असते, तिच्या पायरीवर एकदा बसायचं, मग विजेच्या खांबाला धरून उभं राहायचं, मग कुणाच्या तरी फाटकाशी. मार्चमध्ये एका मंगळवारी त्या पायरीवरून उठतानाच तोल गेला. गुडघा सोलवटून निघाला. टपालवाल्याने हात धरून घरी आणलं. त्यालाही हिने बजावलं, माझ्या मुलींना कळवू नका. त्याला काय आपण माहीत आहोत?

तेव्हापासून ती घराबाहेर पडलेली नाही. मामाला निरोप दिला की सर्दी आहे, तुला लागेल. मामा तिथल्या नर्सला म्हणाला, एवढी लांब सर्दी नसते, माझी बहीण रागावलीय. ताटातलं निम्मं परत पाठवतो. नर्सने हे मला फोनवर सांगितलं.

मी आईवर ओरडले. का नाही सांगितलंस? तर ती म्हणाली, "ते ताईच्या नोकरीचं आहे ना? तूच वाचून दाखवलंस. मी तक्रार केली तर तिच्या पानाला डाग लागेल." ताई, मला त्या पानाची लाज वाटली. बहिणीला भेट म्हणून द्यायला मला दुसरं काही सुचलं नाही. तुझ्या निबंधाचा मी सारांश वाचला होता, फक्त सारांश, आणि बाकीचा अभिमानाने न वाचता पुढे पाठवला.

त्याच दुपारी टॅक्सीने तिला मामाकडे नेलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई खुर्ची ओढून बसली. त्याने हात लांबवून पिशवी चाचपली, पेपर लागल्यावर म्हणाला, "वाच. राहिलो होतो तिथून." ती मार्चच्या शिळ्या बातम्या वाचत राहिली आणि तो ऐकत राहिला. मी दाराबाहेर जाऊन रडले.

परत येताना आई म्हणाली, "आता दर वेळी तू मला अशी उचलून नेणार? मग मी सामानच झाले की."

ऐक. एखादा थांबा "तात्पुरता" म्हणून परत सुरू करणं माझ्या हातात आहे, त्याला साहेबांची सही लागत नाही. फक्त आपला. कुणाला कळणार नाही, तुझ्या समितीला धक्का नाही, आईचा प्रश्न मिटला. करू का? लगेच कळव.

चिंगी

१६ एप्रिल

चिंगे,

करू नकोस.

हे दोन शब्दांत लिहिलं, पण तिथवर यायला मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी मी "कर" असंच लिहिलं होतं. ते पत्र फाडलं. ज्येष्ठांच्या पासांचा आकडा तूच मला कळवला होतास. तो उन्हाळा नव्हता, चिंगे. तेवढ्या आया घरात बसल्यात आणि कुणाकुणाला सर्दीचे निरोप पाठवताहेत. त्यांच्या मुली बस-खात्यात नाहीत.

मी माझाच निबंध काढून वाचला. शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत मीच लिहून ठेवलंय : ही पाहणी सपाट शहरात झाली आहे, आणि साठीपुढच्या प्रवाशांना विचारलेलं नाही. मग ज्यांनी संदर्भ दिला त्यांचे निबंध, हाताला लागले तेवढे, चाळले. ते वाक्य एकानेही पुढे नेलेलं नाही. चिडायला निघाले आणि आठवलं, तुला दोन ओळी लिहून देताना मीही नेलं नाही. मला तर शहर पाठ होतं.

पाठ होतं म्हणजे कसं, ते आता कळतंय. शाळेत जाताना आपण चालत जायचो. येताना दप्तरं जड म्हणून आई पाससाठी हट्ट धरून बसली होती, आठवतं? येताना बसने. म्हणून माझ्या डोक्यात तो रस्ता आजही उताराचाच आहे. मी तो चढ पायाने कधी चढलेच नाही. जन्म त्या रस्त्यावर गेला आणि मी इथून लिहून दिलं, हरकत नाही.

विभागप्रमुखांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमची ती सभा एप्रिलात, आपली समिती मेमध्ये. महिनाभर गप्प बसा. मग हवं तर स्वतःचीच चूक दाखवणारा नवा निबंध लिहा. त्यालाही संदर्भ मिळतील." विनोद करत नव्हते. मी हसले आणि खोलीत येऊन दार लावून बसले.

मला भीती वाटते, चिंगे. सरळ सांगते. जूननंतर माझ्याकडे दुसरं काही नाही. या वयात पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती, पुन्हा पोरांच्या वयाच्या लोकांसमोर हसून बसायचं.

सभेसाठी पत्र सोबत ठेवलंय. त्यात लिहिलंय की माझा निबंध चढाच्या रस्त्यांना लागू नाही, आधीचं संमतिपत्र मी घाईने दिलं आणि ते मागे घेते. सपाट भागातलं ठेवा, तिथे ते खरंच चांगलं चाललंय. आपण बहिणी आहोत हेही लिहिलंय, तुला वाईट वाटेल, पण उद्या दुसऱ्या कुणी शोधून काढलं तर पत्राची किंमत उरणार नाही. तुला पटलं तर दे, नाहीतर

नाही. हे तुझ्यावर ढकलणं बरोबर नाही. दे.

ताई

३ मे

प्रिय ताई,

दिलं. सभेत साहेबांनीच वाचलं, कारण अध्यक्षांनी त्यांच्या हातात दिलं. "सदर अहवाल तयार करणारी माझी सख्खी बहीण असून" या ओळीला ते थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाचत गेले. कुणी तरी मागून म्हणालं, घरातल्या घरात उरकलंय की सगळं.

निर्णय असा : चढाच्या रस्त्यांवरचे सगळे थांबे मेअखेर परत सुरू, पुढची पाहणी होईपर्यंत. बाकी आराखडा कायम. पाहणीत ज्येष्ठांना घरी जाऊन विचारायचं ठरलंय. ती पाहणी मी करणार नाही हे सांगायला नकोच. माझी बदली झाली, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. दिवसभर छत्र्या. आणि एकच बूट बसमध्ये विसरून जाणारे लोक कोण असतात, ते घरी कसे पोचतात, हा तुझ्या संशोधनाचा विषय होऊ शकतो. हसते आहे, पण घरी येऊन नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही.

जायच्या आधी नकाशाच्या खोलीत गेले. टाचणी काढलेल्या जागी बारीक भोक तसंच होतं. आपली टाचणी परत लावली आणि दिवा बंद करून आले.

आईला अजून मीच नेते, रविवारी. वाटेत ती टॅक्सीचं मीटर मोठ्याने वाचत असते. मामा जेवतो आता. तुझं काय झालं ते लपवू नकोस.

चिंगी

२४ मे

प्रिय चिंगी,

नाही झालं.

समितीसमोरचं पान मीच बदललं होतं. शहर खोडलं नाही, खाली पुढे काय झालं तेही लिहिलं. पाच जण होते. त्यांतल्या एकाने विचारलं, "मग याला तुम्ही प्रभाव कसा म्हणता?" मी म्हटलं, "एका बाईचा गुडघा फुटला, ती महिनाभर घराबाहेर पडली नाही. संदर्भांपेक्षा हा मोठाच प्रभाव आहे." त्यांना वाटलं मी विनोद केला. मग कळवण्यात आलं की संशोधनाचा प्रभाव पुरेसा सिद्ध होत नाही. विभागप्रमुख जिन्यात भेटले, घड्याळ बघत निघून गेले.

गंमत सांगू? या महिन्यात माझ्या निबंधाला आणखी चार संदर्भ मिळाले. चारही त्याच एका वाक्याला. मी चौघांना पत्रं लिहिली, शेवटून दुसरं पान वाचा म्हणून. एकाचं उत्तर आलं, त्याने आभार मानलेत आणि माझ्या पत्राचाही संदर्भ देऊ का असं विचारलंय.

खोली आवरतेय. पट्टी अजून दारावर आहे. जुलैपासून काय करायचं ते खरंच माहीत नाही. तरी पत्र दिलं याचा पश्चात्ताप नाही, हेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मी उलटं बोलले तर तू हे दाखवशील.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटेल तिच्या गुडघ्यापायी माझी नोकरी गेली, आणि उरलेलं आयुष्य ती तेच उगाळत बसेल. मी तिला वेगळं लिहिलंय. सगळं व्यवस्थित आहे, काम भरपूर आहे, इकडची काळजी करू नकोस, असं.

ताई

२ जून

चि. ताई,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला नकोत.

तुझं पत्र पोचलं. "इकडची काळजी करू नकोस" हे वाक्य या घरात मी लिहीत असते. तू कधीपासून लिहायला लागलीस? चिंगीला विचारलं तर ती छत्र्यांबद्दल बोलायला लागली. म्हणजे काय झालं ते मला समजलं. माझ्या गुडघ्याला त्यात ओढू नकोस. तो बरा झालाय, आणि तो माझा आहे, त्याचं मी बघेन.

मंगळवारी एकटी गेले. दादा म्हणाला, सर्दी गेली का? मी म्हटलं, गेली. म्हणाला, पुन्हा झाली तर नाक शिंकरत ये, पण ये. मग मी वाचायला घेतलं. तो पहिली बातमी ऐकून म्हणाला, आज ताजा पेपर दिसतोय.

मी तुला फार मोठ्या नोकरीसाठी वाढवलं नव्हतं. तुला चढावर बसने आणायचे, एवढंच तेव्हा जमत होतं. त्याचं असं होईल हे मला तरी कुठे माहीत होतं.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. पुस्तकं किती आहेत ते आधी कळव, म्हणजे कपाट रिकामं करते. कधी येतेस ते चिंगीला सांगू नकोस, ती टॅक्सी घेऊन येईल. स्टेशनसमोरून आपली बस मिळते. शाळेशी उतरू नकोस, सामान घेऊन चढ चढवणार नाही. घरासमोर उतर. बस थांबते आता.

आई